यंत्राचा हात आता कुठे वळेल?

वाशीम जिल्ह्यातल्या इंझोरीसारख्या गावात सोयाबीनचा हंगाम आला, की शेतांतून हडंब्याची, म्हणजे मळणीयंत्राची, घरघर सुरू होते. त्या आवाजात हाक कुणाला ऐकू जाणार? पेंढ्या टाकणारा, पोतं धरणारा आणि ट्रॅक्टरवरचा माणूस डोळ्यांनी, मानेनं, हातांनी बोलतात. तळवा उभा दिसला, की थांबायचं. हे चुकलं तर हात जातो. मळणीयंत्रांनी इतके हात नेले, की १९८३ मध्ये केंद्र सरकारला धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

विदर्भातल्या गावांमधून आयटीआय करून पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यांत गेलेल्या मुलांपुढे आज तोच प्रश्न नव्या रूपात उभा आहे. शेजारी काम करणारा यंत्रमानव पुढच्या क्षणी काय करणार, हे ओळखायचं कशावरून?

माणसाचं कळतं. पाना उचलण्याआधी त्याची नजर पान्याकडे जाते, खांदा वळतो. यंत्राच्या हाताला ना नजर, ना चेहरा. त्यातही निश्चल उभा असलेला हात सर्वांत फसवा: तो बंद असेल, किंवा पुढच्या सुट्या भागाची वाट पाहत असेल. २५ जानेवारी १९७९ रोजी अमेरिकेत फ्लॅट रॉक इथल्या फोर्डच्या ओतशाळेत रॉबर्ट विल्यम्स हा २५ वर्षांचा कामगार सुटे भाग काढायला रॅकवर चढला आणि यंत्राच्या धडकेनं जागीच गेला. यंत्र जवळ येतंय हे सांगणारी सोय तिथं नव्हती. १९८३ मध्ये ज्यूरीनं त्याच्या कुटुंबाला १ कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली.

त्या काळातला उपाय सोपा होता: यंत्र जाळीच्या पिंजऱ्यात, माणूस बाहेर. पिंजऱ्याबाहेरच्या सहकारी यंत्रमानवाची, म्हणजे कोबॉटची, कल्पना १९९६ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात मांडली गेली. डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्सनं २००८ मध्ये आपला पहिला कोबॉट विकला. बजाज ऑटोनं २०१० पासून असे कोबॉट आणायला सुरुवात केली. पुढे चाकणमध्ये त्यांची संख्या शंभरावर गेली. २०१६ च्या अखेरीस आलेली डॉमिनार ४०० ही मोटारसायकल चाकणला फक्त महिला कामगार असलेल्या लाइनवर जुळवली जाऊ लागली, हेही इथं आठवावं. हलक्या यंत्रांमुळे शॉप फ्लोअरवर कोण उभं राहू शकतं, हे बदलत गेलं.

पिंजरा गेला, तशी खुणांची गरज वाढली. त्यातली सगळ्यांच्या ओळखीची खूण म्हणजे यंत्रावरचा दिव्यांचा खांब. वर लाल, मध्ये पिवळा, खाली हिरवा. हा क्रम महत्त्वाचा, कारण ज्याला लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही त्याला निदान जागेवरून अर्थ लागतो. अनेक कोबॉटांच्या मनगटाभोवती आता प्रकाशाचं कडं असतं. पण त्या कड्याचा रंग एका कंपनीकडे एक सांगतो, दुसरीकडे दुसरं. कंत्राटी कामगार वर्षभरात दोन-तीन कारखाने बदलतो. त्यानं दर वेळी नवी बाराखडी शिकायची, हे अन्यायाचं आहे. निदान पहिल्याच दिवशी, मराठीत आणि यंत्रासमोर उभं करून ती शिकवली गेली पाहिजे.

सर्वांत माणसाळलेला प्रयत्न यंत्रमानवतज्ज्ञ रॉडनी ब्रूक्स यांच्या रीथिंक रोबॉटिक्स या कंपनीचा. २०१२ मध्ये आलेल्या त्यांच्या बॅक्स्टर या कोबॉटला पडद्यावर डोळे होते. हात जिकडे जाणार, तिकडे ते डोळे आधी वळायचे. कंपनी २०१८ मध्ये बंद पडली, पण हालचालीआधी हेतू दाखवायचा, हा तिचा विचार पुढे चालू राहिला.

आता काही ठिकाणी प्रोजेक्टरनं थेट फरशीवर प्रकाश टाकून यंत्राचा पल्ला आखला जातो. यंत्र जसं सरकेल, तशी ती उजेडाची कडही सरकते. ती बुटाजवळ आली, की पाय मागे घ्यायचा. हडंब्याजवळ तळवा दिसल्यावर थांबतात, तसंच.