रेखाटनवह्यांतला कॉर्बुझिए

चंडीगडच्या विधानसभेच्या छतावर धुराड्यासारखा एक प्रचंड काँक्रीटचा बुरूज उभा आहे. सभागृहाला असे शिखर कोणी का द्यावे, असा प्रश्न पाहणाऱ्याला हटकून पडतो. त्याचे उत्तर इमारतीपाशी नाही. ते तिच्या रचनाकाराच्या खिशात मावणाऱ्या वह्यांत आहे. अहमदाबादेतील वीजकेंद्राचे शीतक मनोरे ल कॉर्बुझिएने पाहिले होते, त्यांचा कमरेशी आवळलेला आकार त्याच्या मनात घर करून राहिला आणि पुढे तोच विधानसभेच्या माथ्यावर चढला.

१९१४ पासून १९६४ पर्यंतच्या त्याच्या ७३ रेखाटनवह्या उपलब्ध आहेत. त्यांचे चार खंड १९८१-८२ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्धशतकभर एखाद्या वास्तुरचनाकाराचा हात कसा चालला, डोळा कुठे थबकला आणि विचार कुठे अडला याची इतकी सलग नोंद क्वचितच हाती लागते.

शार्ल-एदुआर जानरे हे त्याचे मूळ नाव. जन्म १८८७ चा, घड्याळांसाठी प्रसिद्ध असलेल्या स्वित्झर्लंडमधील ला शो-द-फों या गावचा. तेथील कलाशाळेत तो घड्याळांच्या डब्यांवरचे नक्षीकाम शिकण्यासाठी दाखल झाला होता. वास्तुशास्त्राची रीतसर पदवी त्याने कधीच घेतली नाही. शार्ल लेप्लात्निए या शिक्षकांनी त्याला वास्तुकलेकडे वळवले. झाडाचे चित्र काढायचे म्हणजे पानांची गर्दी उतरवायची नव्हे, तर फांदी खोडातून कशी निघते, हा नियम शोधायचा, अशी त्यांची शिकवण होती. विद्यार्थीदशेतील चित्रांत जुरा पर्वतातील सूचिपर्णी वृक्ष पुनःपुन्हा येतात आणि प्रत्येक वेळी ते थोडे अधिक भौमितिक होत जातात.

१९०७ साली तो इटलीत गेला. फ्लॉरेन्सजवळच्या एमा येथील मठाने त्याला खिळवून ठेवले. तेथे प्रत्येक भिक्षूला स्वतंत्र निवास आणि स्वतःची छोटी बाग असून प्रार्थना व भोजन मात्र सामाईक आहे. एकांत आणि सहजीवन यांचा हा मेळ जणू त्याच्या अंगी मुरला. १९११ मध्ये तो तेथे पुन्हा गेला. पुढे १९५२ मध्ये मार्सेय येथे ३३७ घरांची उत्तुंग इमारत पुरी झाली, तेव्हा तिच्यातील प्रत्येक घराचा खासगी सज्जा आणि सर्वांची मिळून असलेली गच्ची या रचनेत एमाचा तो मठ ओळखू येतो. मधली पंचेचाळीस वर्षे ही कल्पना पिकत होती.

१९११ चा पूर्वेकडचा प्रवास हा मात्र या साऱ्याचा गाभा. बर्लिनमध्ये पीटर बेहरेन्स यांच्याकडील उमेदवारी आटोपून तो मित्रासह निघाला आणि व्हिएन्ना, बुडापेस्ट, बेलग्रेड असा मजल दरमजल इस्तंबूलला पोहोचला. तेथून अथेन्स, मग इटली. मशिदींचे घुमट, बाल्कन खेड्यांतील मडकी, अक्रोपोलिसवरील खांब आणि पलीकडचा समुद्र हे सारे पेन्सिलीच्या चारदोन रेघांत उतरले आहे. सोबत कॅमेराही होता. पण यंत्र पाहण्याचे काम आपल्या हातून काढून घेते आणि हाताने काढलेलेच आत टिकते, असे त्याचे पुढे ठाम मत झाले. डिजिटल छायाचित्रांच्या काळात हे मत हटवादी वाटेल. पण त्याच्या वह्या पाहिल्यावर ते सहज उडवून लावता येत नाही.

तिवोली येथील सम्राट हेड्रियनच्या उद्ध्वस्त प्रासादात त्याने एक अंधारी गुहा रेखाटली. तिच्या टोकाशी उंचावरून प्रकाश आत झिरपतो. जवळजवळ चाळीस वर्षांनंतर रोंशांच्या प्रार्थनामंदिरासाठी मनोरे योजताना तीच गुहा कामी आली. १९५५ मध्ये पूर्ण झालेल्या त्या मंदिरात तिन्ही मनोऱ्यांतून उतरणारा प्रकाश तिवोलीतल्यासारखाच अप्रत्यक्ष आहे. त्याच्या छताला मात्र खेकड्याच्या कवचाची आठवण कारणीभूत झाली. हे कवच त्याला न्यूयॉर्कजवळच्या किनाऱ्यावर सापडले होते.

१९५१ साली तो चंडीगडच्या कामासाठी भारतात आला आणि वह्यांचा नूर पालटला. बैलांची शिंगे, पिंजोरच्या बागेतील पाणी, जंतरमंतरची वेधयंत्रे, ऊन अडवणारे सज्जे या साऱ्यांशेजारी मापे आणि हिशेबही आहेत. पाश्चात्त्य पाहुण्याचे भाबडे कौतुक त्यांत नाही असे नव्हे; माणसांच्या वस्तीपेक्षा आकारांचेच त्याला अधिक वेड होते आणि चंडीगडच्या अवाढव्य मोकळ्या प्रांगणात ते जाणवते. परंतु हवामानाकडे त्याने डोळे उघडे ठेवून पाहिले, हेही त्याच पानांवरून दिसते. त्याच वर्षी पुण्यात जन्मलेले आणि मुंबईच्या जे.जे.मध्ये शिकलेले बाळकृष्ण दोशी त्याच्या पॅरिसमधील कचेरीत दाखल झाले. तेथील शिकवण त्यांनी अहमदाबादेत आणली आणि पुढे ती स्वतःच्या वाटेने नेली. २०१८ मध्ये त्यांना प्रित्झकर पुरस्कार मिळाला.

या वह्या आज अभ्यासता येतात, त्यामागे कॉर्बुझिएचा धोरणीपणा आहे. अपत्य नसलेल्या या माणसाने आपला सारा कागदपत्रांचा संग्रह एका प्रतिष्ठानाच्या हाती जाईल अशी व्यवस्था हयातीतच केली. १९६५ मध्ये भूमध्य समुद्रात पोहताना त्याचा मृत्यू झाला आणि तीन वर्षांनी ते प्रतिष्ठान पॅरिसमध्ये रीतसर उभे राहिले. अर्थात ज्याने स्वतःचा संग्रह स्वतःच जपला, त्याने स्वतःची आख्यायिकाही थोडीफार घडवली असणार, याचे भान अभ्यासकाने ठेवावे.

आपल्याकडे अशा कागदांची अवस्था बिकट आहे. ट्रेसिंग कागद आणि अमोनियाच्या प्रती मुंबईच्या दमट हवेत फार काळ टिकत नाहीत; कचेरी बंद झाली की गुंडाळ्या रद्दीत जातात. संगणकावर आराखडा सुधारताना तर आधीच्या चुका पुसल्याच जातात, म्हणजे विचाराचा माग राहतच नाही. चार्ल्स कोरिया यांनी आपली सहा हजारांहून अधिक रेखाचित्रे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सला दिली आणि २०१३ मध्ये तेथे त्यांचे प्रदर्शन भरले. मुंबईतल्या ‘कांचनजंगा’चा रचनाकार अभ्यासायचा, तर मूळ कागदांसाठी आता लंडन गाठावे लागते.