चिन्ह का बदलते?

या पानावर माजी विद्यार्थी लिहितात तेव्हा बहुतेक जण अकादमीतल्या दिवसांविषयी किंवा पहिल्या पोस्टिंगविषयी लिहितात. माझ्याजवळ तसे सांगण्यासारखे काही नाही. एनडीएच्या लेखी परीक्षेला मी दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा गणिताने मला पाडले. लेखीच्या ९०० गुणांत ३०० गणिताचे असतात, चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, आणि मी तर उत्तरे ठोकून देत होतो. पुढे बी. कॉम. झालो, नागपुरात एका गोदामात नोकरी केली. पत्नीला परिचारिका म्हणून अमेरिकेत काम मिळाले तेव्हा आम्ही इलिनॉय राज्यात, शिकागोजवळच्या एका उपनगरात राहायला गेलो. तिथे वयाच्या ४१व्या वर्षी मी एका कम्युनिटी कॉलेजात ‘बिगिनिंग अल्जेब्रा’च्या वर्गात जाऊन बसलो. आपल्याकडे आठवी-नववीत जे बीजगणित शिकवतात, जवळजवळ तेच.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे आयटीआय आणि ज्युनिअर कॉलेज यांच्यामधले काहीतरी असे समजा. तेही पुरते जुळत नाही. तिथे दोन वर्षांची पदवी मिळते किंवा एखाद्या धंद्याचे प्रमाणपत्र मिळते. काही जण दोन वर्षे तिथे काढून मग विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जातात, कारण फी विद्यापीठापेक्षा पुष्कळ कमी असते. प्रवेशासाठी चाळणी नाही, वयाची अट नाही. आज चालू असलेल्या अशा सरकारी कॉलेजांपैकी सर्वांत जुने इलिनॉयमध्येच, जोलिएट या गावी, १९०१ साली सुरू झाले. पण ही कॉलेजे देशभर पसरण्यामागे सैनिकांचाही हात आहे, हे कॅडेट मित्रांना ठाऊक असावे. दुसऱ्या महायुद्धावरून परतणाऱ्यांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा असा कायदा १९४४ साली झाला. त्याला जी. आय. बिल म्हणतात. लाखो सैनिक शिकायला आले, कॉलेजे अपुरी पडली, आणि १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने गावोगावी कम्युनिटी कॉलेजे असावीत अशी शिफारस केली.

मला गोदामातल्या सरकत्या पट्ट्यांची देखभाल करणारा तंत्रज्ञ व्हायचे होते. त्या अभ्यासक्रमाला ठरावीक पातळीचे गणित लागते. माझी बी. कॉम.ची पदवी कॉलेजने पाहिली, परत दिली आणि मला संगणकासमोर बसवले. ही परीक्षा मोठी चतुर असते. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न कठीण येतो, चुकले की सोपा. माझे प्रश्न भराभर सोपे होत गेले तेव्हाच मला निकाल कळला. समुपदेशक बाई म्हणाल्या, तुमची सुरुवात इथून. ‘इथून’ म्हणजे १००च्या आतला क्रमांक असलेला कोर्स, ज्याचे क्रेडिट पदवीत धरत नाहीत. फी मात्र पूर्ण भरावी लागते.

एक कबुली देतो. शाळेत प्रेपमध्ये माझी गणिताची वही नेहमी पूर्ण असे. ती शेजारच्या डेस्कवरच्या मित्राच्या वहीवरून पूर्ण होई. तो आज कर्नल आहे. हाउसमास्तर वही पाहून पाठ थोपटत तेव्हा मला बरे वाटे. आता ते आठवले की बरे वाटत नाही.

ऑगस्टमध्ये वर्ग सुरू झाला. आम्ही ३२ जण होतो. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच तासाला मला प्रश्न विचारला आणि मी सवयीने ताडकन उभा राहून “येस मॅडम” म्हणालो. सगळा वर्ग वळून पाहू लागला. तिथे बसून उत्तर देतात आणि प्राध्यापकांना नावाने हाक मारतात. बसायला मी शिकलो. नावाने हाक मात्र शेवटपर्यंत मारली गेली नाही.

मला वाटले होते, सुरुवातीचे चार आठवडे आरामात जातील. पहिल्या चाचणीत १०० पैकी ५८ मिळाले. घोटाळा कुठे झाला ते सांगतो. क्रियांचा क्रम मी लहानपणी ‘कंचेभागुबेव’ असा पाठ केला होता: कंस, ‘चे’, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. म्हणून २० − ८ + ५ मध्ये मी बेरीज आधी केली, ८ आणि ५ मिळून १३, आणि उत्तर ७ लिहिले. बरोबर उत्तर १७ आहे. अमेरिकन मुलांचे पाठांतर वेगळे. त्यांच्याकडे गुणाकार भागाकाराच्या आधी येतो. त्यामुळे २४ ÷ ४ × २ हे माझे बरोबर आले, १२. आणि वर्गातल्या निम्म्या मुलांनी ३ लिहिले. बाईंनी दोन्ही गणिते फळ्यावर शेजारीशेजारी मांडली. भागाकार-गुणाकार एकाच दर्जाचे, बेरीज-वजाबाकी एकाच दर्जाचे. दर्जा सारखा असेल तर डावीकडून उजवीकडे जायचे. एवढी साधी गोष्ट. आपल्याकडच्या शिक्षकांनी ती सांगितली नसेल असे मी म्हणणार नाही. मी तेव्हा वही भरत होतो.

पण खरी गाठ सुटली ती पाचव्या आठवड्यात. ‘पक्षांतर केले की चिन्ह बदलते’ हा नियम तुम्हा सर्वांना पाठ असेल. मलाही होता, अगदी कवायतीच्या हुकमासारखा. बाई तो वापरूच देत नसत. ३क्ष + ७ = २२ असेल तर दोन्ही बाजूंतून ७ वजा करा, आणि तसे लिहून दाखवा. डावीकडे ३क्ष उरतो, उजवीकडे १५. दोन्ही बाजूंना ३ने भागा, क्ष = ५. मला हे फार लांबण लावणे वाटे. मग ५क्ष = −२० हे गणित आले. मी ५ पलीकडे नेला, हुकमाप्रमाणे त्याचे चिन्ह बदलले, −२०ला −५ने भागले आणि क्ष = ४ असे लिहिले. बाई म्हणाल्या, मूळ समीकरणात घालून पाहा. पाच चोक वीस. ऋण वीस नव्हे.

त्या खोलीत मी बराच वेळ त्या ओळीकडे पाहत बसलो. हीच चूक मी शाळेत आणि एनडीएच्या दोन्ही पेपरांत केली असणार. पक्षांतर म्हणून काही होतच नाही. ७ कुठेही जात नाही. दोन्ही पारड्यांतून तो सारखाच काढला जातो, म्हणून पलीकडे तो वजा दिसतो. आणि ५ तर मुळात बेरजेत नव्हताच, गुणाकारात होता. तो काढायचा तर भागायचे. चिन्ह बदलण्याचा प्रश्न येतो कुठे?

आलेखाच्या भागात उलटा अनुभव आला. रेषेचा ‘स्लोप’ म्हणजे उभे अंतर भागिले आडवे अंतर. हे ऐकताच मला शाळेतले मॅप रीडिंग आठवले. १:५०,०००च्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. समोच्चरेषा २० मीटरच्या असतील आणि तेवढ्या अंतरात आपण पाच टप्पे वर चढलो, तर १,००० मीटरमागे १०० मीटर, म्हणजे दहास एक असा चढ. व्हर्टिकल इंटरव्हल आणि हॉरिझॉन्टल इक्विव्हॅलंट मला तेव्हा तोंडपाठ नव्हे, पायपाठ होते, कारण तो चढ आम्हाला नंतर चढावाही लागे. मॅप रीडिंगमध्ये मी हाउसमध्ये पहिला येत असे आणि गणितात स्लोपला भोपळा. दोन्ही एकच आहेत हे कळायला २४ वर्षे लागली.

माझ्या शेजारी एक तरुण माजी सैनिक बसे. लष्करात वाहनदुरुस्तीचे काम करून आलेला. आताच्या जी. आय. बिलात त्याला ३६ महिन्यांच्या शिक्षणाचा खर्च मिळत होता. माझ्या वयामुळे तो मला ‘सर’ म्हणे. शाब्दिक उदाहरणांत आमची जोडी जमली. एक उदाहरण असे होते: १० क्वार्ट मिश्रणात ३० टक्के अँटिफ्रीझ आहे (थंडीत इंजिनातले पाणी गोठू नये म्हणून घालतात तो द्रव), ते ५० टक्के करायचे तर शुद्ध अँटिफ्रीझ किती घालावे? तो तत्काळ म्हणाला, चार. कसे? “तीन द्रव, सात पाणी. सारखे करायचे तर चार हवे.” पण कागदावर त्याला काहीच लिहिता येईना. मला अँटिफ्रीझ काय असते ते माहीत नव्हते, पण ३ + क्ष = ०.५(१० + क्ष) हे लिहिता आले आणि उत्तर चारच आले. त्याला समीकरण समजावताना मलाच ते जास्त समजले.

बहुपदी, घातांक, अवयव पाडणे हे पुढचे भाग रेटत नेले. तिथे सराव लागतो, दुसरे काही नाही. कॉलेजात मोफत शिकवणी केंद्र होते. कामावरून सुटलो की मी तिथे जाऊन बसे. ज्यांना इंटरनेट मिळते त्यांच्यासाठी सांगतो, टेक्सासमधल्या राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स या उपक्रमाचे ‘एलिमेंटरी अल्जेब्रा’ हे इंग्रजी पुस्तक फुकट उतरवून घेता येते. त्याचे पहिले प्रकरण पूर्णांक, अपूर्णांक, दशांश यांचे आहे. मी ते ओलांडून पुढे गेलो होतो. वर सांगितलेले ५८ गुण त्याचे.

डिसेंबरमध्ये अंतिम परीक्षेला ३२ पैकी १९ जण उरले होते. नापास होऊन कमी गेले. कोणाची पाळी बदलली, कोणाचे मूल आजारी पडले, कोणाची गाडी बंद पडली. माझा शेजारीही रात्रपाळी लागल्यावर अकराव्या आठवड्यात गेला. मला ८४ मिळाले.

जानेवारीत तो पुन्हा त्याच वर्गात येऊन बसला. मी शेजारच्या खोलीत, पुढच्या कोर्सला. तासाआधी अर्धा तास आम्ही कॅन्टीनमध्ये भेटतो. गेल्या आठवड्यात त्याचे असमानतेचे गणित अडले होते: −२क्ष < ६. दोन्ही बाजूंना −२ने भागल्यावर उत्तर क्ष > −३ येते, चिन्ह फिरते. “सर, इथे मात्र ते का बदलते?” त्याने विचारले. मी कागदी रुमालावर संख्यारेषा काढली आणि शून्याच्या उजवीकडे २ आणि ५, डावीकडे −२ आणि −५ मांडले. दोन शून्याजवळ, पाच लांब. उजवीकडे लांबचा मोठा असतो. डावीकडे गेल्यावर तोच लहान होतो. त्याने रुमाल घडी करून वहीत ठेवला आणि आम्ही आपापल्या वर्गात गेलो.