जुना ट्रॅक्टर गरम झाल्यावर सुरू होत नाही? इंजिन खोलण्याआधी हे पाहा



कापसाच्या हंगामातली ही नेहमीची अडचण. सकाळी घरून निघताना जुना ट्रॅक्टर एका सेल्फात सुरू होतो. ट्रॉली घेऊन घाटंजीला आलो, काट्यावर बंद केला, की मग काही केल्या सुरू होत नाही. मागे गाड्यांची रांग. अर्ध्या तासानं थंड झाला की पुन्हा सुरू! मग कोणी तरी सांगतं, "इंजिन गेलं, लाईनर-पिस्टन टाका."

घाई करू नका. डिझेल इंजिन हवा दाबून तापवतं अन् त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. लाईनर-पिस्टन झिजून दाब कमी झाला असेल तर जास्त त्रास सकाळी, थंड इंजिनाला होतो. सकाळी नीट अन् गरम झाल्यावर हट्ट, म्हणजे आधी सेल्फ-बॅटरी आणि डिझेलची लाईन तपासा. (ही माहिती साध्या डिझेल पंपाच्या जुन्या ट्रॅक्टरसाठी आहे.)

पहिला प्रश्न एकच: *सेल्फ मारल्यावर इंजिन फिरतं कसं?*

*१) हळू, ओढत फिरतं:*
▪ बॅटरीचे टर्मिनल अन् अर्थिंगची वायर काढून घासा, घट्ट आवळा. सेल्फ मारून झाल्यावर जो जोड तापलेला लागेल, तो खराब.
▪ मीटर असेल तर पाहा: बॅटरी नुसती असताना १२.४ व्होल्टच्या वर हवी, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नको.
▪ हे ठीक असेल तर सेल्फ उतरवून बुश अन् कार्बन तपासून घ्या. तांब्याची तार तापली की करंट कमी जातो, बुश झिजले की सेल्फ आतून घासतो. म्हणून थंड असताना चालणारा सेल्फ गरम झाल्यावर दम सोडतो.

*२) जोरात फिरतं, पण पेटत नाही:*
सायलेन्सरकडे पाहा.
▪ *धूर अजिबात नाही:* डिझेल पोचत नाही. स्टॉपचा नॉब पूर्ण आत गेला का? टाकीच्या झाकणाचं भोक मातीनं बुजलं का? झाकण सैल करून सेल्फ मारून पाहा. फिल्टर चोक आहे का, पाईपच्या जोडातून एअर घेतो का, तेही बघा.
▪ हे सगळं ठीक असेल तर पंपाची परीक्षा. इंजिन बंद ठेवून फक्त डिझेल पंपावर १० मिनिटं ओलं फडकं ठेवा, मग सेल्फ मारा. लगेच सुरू झाला तर पंप आतून झिजल्याची शक्यता जास्त. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या जागेतून मागे गळतं अन् नोझलला पुरेसा दाब मिळत नाही. पंप टेस्ट बेंचवर तपासून घ्या.
▪ *पांढरा धूर येतो:* डिझेल जातं, पण जळत नाही. नोझल अन् पंपाचं टायमिंग पाहा. त्यानंतरच कंप्रेशन.

*सांभाळा:*
❌ सलग १० सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. मध्ये एक मिनिट थांबा.
❌ पेचकस लावून सेल्फ शॉर्ट करू नका. गिअरमध्ये असला तर ट्रॅक्टर अंगावर येतो.
❌ तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. रेडिएटरचं झाकणही गरम असताना उघडू नका.

मिस्त्रीकडे गेल्यावर "सुरू होत नाही" एवढंच सांगू नका. गरम झाल्यावर सेल्फ हळू फिरतो की जोरात, धूर येतो की नाही, फडकं ठेवल्यावर काय झालं, हे सांगा. तेवढ्यानं अर्धं निदान होतं अन् नको तो खर्च वाचतो.

ट्रॅक्टरवाल्या शेजाऱ्यालाही हा मेसेज पाठवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, घाटंजी