पूर्वा फाल्गुनीखालची शेपटी

पूर्वा फाल्गुनीच्या दोन ताऱ्यांपैकी दक्षिणेकडचा तारा धरा आणि जरा खाली सरका. एम ६५, एम ६६ आणि एनजीसी ३६२८ या तीन दीर्घिका तिथे आहेत, साधारण साडेतीन कोटी प्रकाशवर्षांवर. आम्हा हौशी फोटोवाल्यांना तिघी सहज मिळतात. छळते ती ३६२८ची शेपटी.

तीन लाख प्रकाशवर्षं लांब, तरी सहजी दिसत नाही. बहुधा एम ६६ जवळून गेली तेव्हा गुरुत्वाकर्षणाने ३६२८मधले तारे ओढले गेले, नि ते आता रांगेत विखुरलेत. निव्वळ गुरुत्वाकर्षणाने अशा बारीक शेपट्या निघतात हे अनेकांना पटत नव्हतं. १९७२ साली अलार आणि युरी टूमरे या भावांनी संगणकावर त्या काढून दाखवल्या.

गावापासून लांब, अमावास्येचं आभाळही पूर्ण काळं नसतं. दीर्घिकांच्या गटात सांडलेला मंद प्रकाश त्या आभाळाच्याही अडीचशेव्या हिश्शाइतका, म्हणजे ०.४ टक्के असू शकतो. इथे मोठी दुर्बीण असून भागत नाही, स्वच्छ हिशेब लागतो. पहाटे आभाळ एकसारखं उजळलं की मी दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं सुती कापड सुरकुती न पडू देता ताणतो आणि ‘फ्लॅट’ घेतो. सेन्सरवरच्या धुळीची वलयं, काळवंडलेले कोपरे, सगळं त्यात उमटतं. रात्रीच्या फोटोला त्याने भागायचं. हा फ्लॅट एका टक्क्याने चुकला तरी असला प्रकाश गेलाच.

पीटर व्हॅन डॉकम आणि रॉबर्टो अब्राहम या खगोलशास्त्रज्ञांनी तर दुर्बिणीतला आरसाच टाळला. न्यू मेक्सिकोतल्या त्यांच्या ‘ड्रॅगनफ्लाय’त बाजारात मिळणाऱ्या कॅननच्या ४०० मिलिमीटरच्या टेलिफोटो लेन्स आहेत, पुढे त्या ४८ झाल्या. प्रकाशाच्या वाटेत आडवं काही नाही, काचांवरचा लेप उत्तम. त्यामुळे तेजस्वी ताऱ्यांभोवती खोटी आभा फार कमी पसरते.

इतकं करूनही फसगत होते. सप्तर्षींजवळच्या एम ८१ भोवती दिसणारे पुष्कळसे धूसर पदर आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचे आहेत. उलट, पार्श्वभूमी सपाट करणारं सॉफ्टवेअर खरी शेपटीही गिळतं. म्हणून इंटरनेटवरच्या झळाळत्या शेपटीला लाइक देण्याआधी फोटोवाल्याला एवढंच विचारा: फ्लॅट कसे घेतलेत?