फाटक आणि अवधान

१७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगरहून बीडपर्यंत आगगाडी धावू लागली आणि जिल्ह्याची अनेक दशकांची प्रतीक्षा फळास आली. आमच्या दिंद्रुडसारख्या गावांस रेल्वे आता परकी राहणार नाही. म्हणूनच रूळ ओलांडण्याच्या शिस्तीचा विचार घरोघरी व्हावयास हवा.

२४ जुलै २०१४ रोजी तेलंगणातील मासाईपेट येथे नांदेडहून सिकंदराबादेस जाणाऱ्या गाडीची धडक शाळेच्या बसला बसली. २६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात तसाच प्रसंग घडून तेरा बालके दगावली. दोन्ही ठिकाणी राखणदार नव्हता. आणि दोन्ही चालकांचे कान मोबाइलमध्ये गुंतले होते, असे त्या वेळी सांगण्यात आले.

पुढे जानेवारी २०१९ अखेर ब्रॉडगेज मार्गांवरील बिनराखणीची फाटके नाहीशी करण्यात आली. परंतु फाटकावर माणूस नेमता येतो. चालकाच्या मनावर कोणास नेमावे?

‘अवधान’ या शब्दाचा मूळ अर्थच मन एका ठिकाणी ठेवणे असा आहे. शंभर गोष्टींवर एकाच वेळी लक्ष ठेवणारे शतावधानी आपण ऐकतो. पण ती दीर्घ अभ्यासाची सिद्धी होय, आणि तीही बैठकीवर बसून दाखवावयाची. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारा चालक पाच सेकंद मोबाइलकडे पाहील, तर त्याची गाडी ऐंशी मीटरांहून अधिक अंतर डोळे मिटल्याप्रमाणे धावेल. समोरून येणाऱ्या आगगाडीस बाजूस वळता येत नाही आणि एकाएकी थांबताही येत नाही. ऊसतोडीच्या हंगामात मोठ्याने गाणी लावून धावणाऱ्या ट्रॅक्टरवर तर तिची शिटीही ऐकू येणे कठीण.

राखणदार नसलेल्या फाटकाशी वाहन थांबवावे, सोबत्याने उतरून दोन्ही बाजू पाहाव्यात, सोबती नसल्यास चालकाने स्वतः उतरावे, असे १९८८ चा मोटार वाहन कायदा सांगतो. बंद फाटक उघडणाऱ्यास १९८९ च्या रेल्वे कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

पण दोष केवळ चालकाचाच असतो काय? मुलगा गाडी घेऊन निघाला, की आई, पत्नी, काका असे एकेक जण ‘कोठवर आलास?’ म्हणून फोन करू लागतात. ही विचारपूस मायेचीच. परंतु तीच नेमकी रुळावर त्याचे चित्त हिरावून घेते. तेव्हा चालविणाऱ्याचा फोन शेजारी बसलेल्याने सांभाळावा, एकटा असेल त्याने तो बंद ठेवावा, आणि घरच्यांनी त्याच्या पोहोचल्याच्या निरोपाची वाट पाहावी. एवढा संयम प्रत्येक कुटुंबास सहज साधण्याजोगा आहे.