हौसेची मोटार : कार्ब्युरेटर की इंजेक्शन?

दसऱ्याच्या सायंकाळी दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार येते, तेव्हा लहानथोर सारेच टाचा उंचावून तिच्याकडे पाहतात. त्या नावाचा एक धागा आजच्या विषयाशी जुळलेला आहे, तो मात्र फारसा कोणी सांगत नाही. विल्हेल्म मेबॅक या जर्मन यंत्रज्ञाने १८९३ साली पेट्रोल बारीक तोटीतून हवेत फवारणारा कार्ब्युरेटर तयार केला. पुढे त्याच घराण्याच्या नावाने निघालेल्या मोटारींपैकी एक आपल्या गावाच्या वाट्याला आली. पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारींचे जग त्यानंतर सुमारे शंभर वर्षे मुख्यतः कार्ब्युरेटरवरच चालले.

आता नव्या मोटारीत तो मिळत नाही. परंतु आपल्या गावात जुनी पद्मिनी, अँबॅसिडर किंवा पहिल्या काळातली मारुती हौसेने सांभाळणारी मंडळी आहेत. त्यांच्यापुढे प्रश्न असतो, की जुना ‘कारबेटर’ ठेवावा, की तो काढून इंजेक्शन बसवावे? एक पक्ष म्हणतो, जुने ते सोने. दुसरा म्हणतो, काळाबरोबर चला. आमच्या मते दोघेही मूळ प्रश्न विचारीतच नाहीत. मूळ प्रश्न असा, की इंजिनाला पेट्रोल मोजून कोण देतो, आणि ते मोजमाप कोणाच्या हाती राहते?

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल याहून फार झाले, तर प्लग काळे पडतात, धूर होतो आणि खर्च वाढतो. फार कमी झाले, तर इंजिन अडखळते व तापते. कार्ब्युरेटर काय किंवा इंजेक्शन काय, दोघांचे काम एकच : हे प्रमाण सांभाळणे.

कार्ब्युरेटरची युक्ती घरातल्या फ्लिटच्या पंपासारखी आहे. इंजिन हवा ओढते, ती हवा एका अरुंद गळ्यातून जाते. गळ्यात वेग वाढतो, दाब कमी होतो, आणि शेजारच्या वाटीतले पेट्रोल जेटच्या बारीक भोकातून आपोआप वर ओढले जाते. वाटीतली पातळी फ्लोट सांभाळतो, जसा पाण्याच्या टाकीतला चेंडू सांभाळतो तसा. थंड इंजिनासाठी चोक, आणि एकदम पाय दाबला तर जास्तीची पिचकारी मारणारा छोटा पंप. यात वीज नाही, गणित नाही; आहे ती केवळ हवेची ओढ. बॅटरी उतरली तर गाडी ढकलून चालू करता येते, आणि रस्त्याच्या कडेला पेचकस व फुंकर एवढ्यावर बरेचसे दोष निघतात.

परंतु जेटचे भोक ठरलेले असते, आणि जग मात्र ठरलेले नसते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जुळवलेली गाडी १३७२ मीटर उंचीच्या महाबळेश्वरी नेली, की हवा विरळ होते आणि पेट्रोल प्रमाणाबाहेर जाते. मे महिन्यात घाट चढताना पंपातले पेट्रोल वाफ होऊन गाडी उभी राहते, मग ओले फडके शोधावे लागते. अशा वेळी उणीव भरून काढतो तो मिस्त्री. गुऱ्हाळावरचा गुळव्या जसा काहिलीतला फेस पाहून रस केव्हा उतरवायचा ते सांगतो, तसा जुना मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐकून स्क्रू पाव फेरा फिरवतो. मोजमाप त्याच्या कानात असते.

इंजेक्शनमध्ये पेट्रोल हवेच्या ओढीवर सोडलेले नसते. विजेचा पंप ते दाबाखाली ठेवतो आणि इंजेक्टर नावाची विजेची झडप ते सोडते. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या इंजिनात प्रत्येक नळकांड्याला सेकंदाला २५ वेळा पेट्रोल लागते. झडप किती सहस्रांश सेकंद उघडी ठेवायची, ते एक छोटा संगणक ठरवतो. हवा किती आली, पाणी किती तापले, पाय किती दाबला, हे त्याला निरनिराळे सेन्सर कळवतात. आणि सर्वांत महत्त्वाचा सेन्सर धुराच्या नळीत बसतो. जळल्यावर प्राणवायू किती उरला हे तो सांगतो, आणि संगणक पुढच्या फवाऱ्यात चूक सुधारतो. थोडक्यात, कार्ब्युरेटर अंदाज करतो. इंजेक्शन अंदाज करून उत्तर तपासतेही.

ही तपासणीच कार्ब्युरेटरला भारी पडली. धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक यंत्र, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मिश्रण १४.७ च्या अगदी जवळ असेल तरच तिन्ही मुख्य विषारी वायूंवर नीट काम करते. बॉश कंपनीचे विजेचे इंजेक्शन फोक्सवॅगन मोटारीत १९६७ सालीच आले होते. आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८०० कार्ब्युरेटरवरच चालत होती; २००० च्या सुमारास धुराचे नियम कडक झाले, तेव्हा तीही बदलली. १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ लागू झाल्यावर बहुतेक नव्या दुचाकींतूनही कार्ब्युरेटर गेला. हवा सर्वांची आहे, म्हणून हा बदल आम्ही योग्यच मानतो.

कोल्हापूर जिल्ह्याला आणखी एक गोष्ट जवळची आहे. आपल्या उसापासून होणारे इथेनॉल आज पेट्रोलमध्ये मिसळते. देशाने २०२५ साली २० टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले. इथेनॉलच्या एका किलोला सुमारे नऊ किलोच हवा लागते. म्हणून मिश्र पेट्रोलचे योग्य प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येते. इंजेक्शनची गाडी हा फरक ओळखून फवारा वाढवते. कार्ब्युरेटर जुन्याच मापाने देत राहतो, आणि इंजिनाला पेट्रोल शेकडा आठच्या आसपास कमी पडते. शिवाय इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या रबरी नळ्या व वायसर खराब करते. ज्याला कार्ब्युरेटर ठेवायचा आहे, त्याने जेट मोठे करून घ्यावे, रबरी भाग बदलावे, आणि महिनोन्‌महिने टाकीत पेट्रोल साचू देऊ नये.

मग करावे काय? गाडी रोज कामाला जाणार असेल, तर इंजेक्शनचा विचार करावा. मात्र तो अर्धवट करू नये. जास्त दाबाचा पंप, टाकीकडे परत जाणारी नळी, धुराच्या नळीत सेन्सर, आणि जुन्या डायनॅमोऐवजी पुरेशी वीज देणारा अल्टरनेटर हे सारे लागते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ गाडीतील फेरफाराविषयी आहे, म्हणून आधी परिवहन कार्यालयात विचारावे. गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल आणि तिला २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायचे असेल, तर ती मूळ रूपात असावी लागते. तिथे इंजिनाला हात लावण्यापूर्वी दहादा विचार करावा. आणि गाडी केवळ रविवारच्या फेरीसाठी व शिकण्याच्या आनंदासाठी असेल, तर कार्ब्युरेटरसारखा गुरू नाही. उघडला की तो आपले सगळे गुपित टेबलावर मांडतो.

कामगार चळवळीतली माणसे म्हणून इथेच आम्हांला थांबून बोलावेसे वाटते. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात वयोमर्यादेने रस्त्यावरून उतरली. तिच्याबरोबर अनेकांच्या कानातले मोजमापही निकामी झाले. नवे मोजमाप बंद पेटीत आहे, आणि पेटीची भाषा स्कॅनर असणाऱ्यालाच कळते. यात दोष यंत्राचा नाही. दोष असेल तर ज्ञानाला कुलूप घालण्याचा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली, तीत मोटारींचाही विचार होता. तो हक्क गल्लीतल्या गॅरेजपर्यंत पोहोचला पाहिजे.

म्हणून हौशी मालकांना आमची एकच विनंती आहे. गाडीत काहीही ठेवा, पण ती उघडाल त्या दिवशी शेजारच्या गॅरेजातल्या एखाद्या पोराला जवळ उभे करा. जेट म्हणजे काय ते त्याला दाखवा, आणि स्कॅनरवरचे आकडेही वाचायला शिकवा. कान आणि आकडा, दोन्ही ज्याच्यापाशी आहेत, त्याची भाकरी कोणतेही नवे यंत्र सहजासहजी हिरावून घेणार नाही.