रांजणातली कोवळी वाईन

पोर्तुगालच्या दक्षिणेकडील अलेंतेझू प्रांतात उन्हाळ्याच्या अखेरीस खुडलेल्या द्राक्षांची वाईन ११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी, मातीच्या रांजणातून थेट पेल्यात उतरते. ओकच्या पिंपांत ती वर्षानुवर्षे मुरत नाही. भाजलेल्या चेस्टनटबरोबर ती कोवळीच प्यायली जाते. लाल वाईनसाठी मोरेतो, त्रिंकादेरा, अरागोनेश या जाती वापरतात. ग्रांझा-अमारेलेझा भागात मोरेतोच्या जुन्या वेली कलम न करता स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत.

या रांजणाला तिकडे ताल्या म्हणतात. मोठा ताल्या दोन मीटरपर्यंत उंच असतो आणि त्यात हजार लिटरहून जास्त वाईन मावते. ही पद्धत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमनांबरोबर आली. विला द फ्रादेश गावाजवळ साओं कुकुफाते इथे रोमन वाड्याचे अवशेष आजही पाहता येतात. जॉर्जियातले मातीचे रांजण जमिनीत पुरतात. ताल्या मात्र जमिनीवर उभा असतो, त्यामुळे आंबताना तापला की त्याच्या अंगावर पाणी ओततात किंवा ओली फडकी गुंडाळतात.

या भांड्याची खरी करामत त्याच्या तळाशी आहे. चिरडलेली द्राक्षे साली, बिया आणि काही देठांसह आत पडतात आणि आपोआप आंबू लागतात. साली वर येऊन घट्ट थर धरतात. तो थर लाकडी दांड्याने दिवसातून दोनदा तरी खाली दाबावा लागतो. हे चुकले तर कोंडलेल्या वायूने रांजण फुटू शकतो. आंबणे थांबले की सारा चोथा तळाला बसतो. नोव्हेंबरमध्ये तळाजवळच्या भोकात लाकडी तोटी ठोकतात आणि वाईन त्याच चोथ्यातून पाझरत बाहेर येते. सुरुवातीची गढूळ धार पुन्हा वरून ओततात. हळूहळू ती निवळते. पंप लागत नाही, वेगळी गाळणी लागत नाही. आंबवणे, साठवणे, गाळणे ही तिन्ही कामे एकच भांडे करते, आणि इतके नेटके यंत्र क्वचितच सापडेल.

वाईनचे कोवळेपणही याच रचनेतून येते. तोटी उघडल्यावर पातळी उतरत जाते आणि वर हवेला जागा होते. ऑलिव्ह तेलाचा थर देऊन हवा काही काळ अडवता येते, पण कायमची नाही. म्हणून उघडलेला रांजण फार काळ न रेंगाळता संपवावा लागतो.

विसाव्या शतकात सहकारी कारखाने आणि सिमेंट-पोलादाच्या टाक्या आल्या, तसे रांजण मागे पडले; घरोघरी आणि गावच्या गुत्त्यांत ते टिकले. २०१० मध्ये ताल्या वाईनला अधिकृत दर्जा मिळाला, त्यात ११ नोव्हेंबरपर्यंत वाईन सालींवर ठेवण्याची अट आहे. मागणी वाढली, पण मोठे रांजण घडवणाऱ्या कुंभारांची परंपरा तोवर जवळजवळ तुटली होती. आजचे बरेच रांजण शंभर वर्षांहून जुने आहेत. तडा गेला की लोखंडी टाके घालून तेच वापरतात.

त्याहून अवघड प्रश्न आतल्या लेपाचा आहे. माती सच्छिद्र, म्हणून रांजण तापवून त्यात वितळलेली पाइनची राळ ओततात आणि तो लोळवत आतून सर्वत्र थर चढवतात. राळ जास्त झाली तर वाईनला तिचीच चव येते, कमी पडली तर रांजण पाझरतो. हे प्रमाण हाताच्या सवयीनेच साधते आणि ती सवय असलेली माणसे मोजकीच उरली आहेत. काही उत्पादक राळेऐवजी कृत्रिम रेझिनचा लेप देतात. त्याने गळती थांबते, पण राळेचा जो मंद गंध या वाईनमध्ये जुन्या जाणकारांना ओळखीचा आहे, तो त्यातून येत नाही.